पेपरपुरता देश

गेल्या वर्षी रमजान लागायच्या चार-सहा दिवस आधी आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचा विलायतेहून फोन आला. आम्ही ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, तिथे ती आठवी ते दहावी आमच्याच हाताखाली इतिहास-नागरिकशास्त्र शिकली. हुशार, पाठांतराला पक्की आणि उत्तर लिहिताना पुरवण्या लावणारी मुलगी. आता ती पूर्व लंडनमध्ये नांदते. सासर मूळचे श्रीवर्धनकडचे, नवरा तिथेच जन्मलेला. लग्नाला पाच वर्षे होत आली होती आणि कायम वास्तव्याचा परवाना मिळण्यासाठी तिला एक परीक्षा द्यायची होती. “सर, पुन्हा इतिहास-नागरिकशास्त्रच आलं माझ्या नशिबी,” ती हसत म्हणाली.

या परीक्षेचे नाव ‘लाइफ इन द यूके’. तिचे मूळ 2002 च्या कायद्यात आहे. 1 नोव्हेंबर 2005 पासून ती नागरिकत्वासाठी सक्तीची झाली आणि 2007 पासून कायम वास्तव्यासाठीही. संगणकासमोर बसून 45 मिनिटांत 24 प्रश्न सोडवायचे, 18 बरोबर आले की पास. फी 50 पौंड. नापास झाल्यास पुन्हा 50 पौंड भरून पुन्हा बसायचे. सगळे प्रश्न एका सरकारी मार्गदर्शक पुस्तकातून येतात. 2013 साली त्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली. आमच्या विद्यार्थिनीच्या उशाशी तीच होती.

बी.एड.ला असताना प्रश्नपत्रिकेचा ‘संविधान तक्ता’ करायला शिकवतात. ज्ञानाला किती गुण, आकलनाला किती, उपयोजनाला किती, याची चौकट. (देशाच्या संविधानाशी त्याचा काही संबंध नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी समजावून सांगावे लागले होते.) सवयीने आम्ही या परीक्षेचाही तक्ता मनात मांडला. ज्ञानाचा रकाना भरून वाहत होता, बाकीचे रकाने जवळपास कोरडे.

ती दिवसा एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. रात्री मूल झोपले की अभ्यास. फ्रिजच्या दारावर तिने चिठ्ठ्या लावल्या होत्या. 1066 साली नॉर्मन आले, 1215 साली मॅग्ना कार्टा, 1415 साली ॲजिनकोर्टची लढाई, आठव्या हेन्रीच्या सहा बायकांची नावे ओळीने. इंग्रजी शब्द, पण सनावळीपुढची खूण उर्दूत, जशी ती वर्गात करायची. उत्तर आयर्लंडमधल्या ‘अल्स्टर फ्राय’ नावाच्या नाश्त्यात काय काय असते हेही तिला पाठ होते. डुकराचे मांस जन्मात ज्या घरात शिरले नाही, त्या घराच्या फ्रिजवर त्याचे प्रकार लिहिलेले! आम्ही दोघेही पोट धरून हसलो. मग तिने आनंदाने सांगितले, “सर, आपला एक माणूसही आहे या पुस्तकात!”

तो माणूस म्हणजे शेख दीन मुहम्मद. 1759 साली पाटण्यात जन्मलेला, कंपनीच्या बंगाल सैन्यात वाढलेला, पुढे आयर्लंडमध्ये जाऊन जेन डेली या मुलीशी पळून लग्न केलेला. 1810 साली त्याने लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढले. इंग्रजांना चंपी करायलाही त्यानेच शिकवले. ‘शाम्पू’ हा शब्द त्या चंपीतूनच आलेला. तिच्या टिपणात एवढे होते. त्याने 1794 साली आपल्या प्रवासांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि इंग्रजीत पुस्तक छापणारा तो पहिला हिंदी लेखक मानला जातो, हे तिच्या टिपणात नव्हते. ते कॉफी हाउस दोन वर्षांत दिवाळ्यात गेले, हेही नव्हते. आम्ही सांगितल्यावर ती म्हणाली, “राहू द्या सर, ते विचारणार नाहीत.” हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखे वाटले. कुठे ते तेव्हा आठवले नाही.

तिचा खरा प्रश्न शेवटी आला. पुस्तकात साम्राज्यावर एक भाग आहे. ब्रिटिश साम्राज्याचे राष्ट्रकुलात झालेले रूपांतर बहुतांशी सुरळीत पार पडले, असा त्या भागाचा सूर आहे. “सर, माझे पणजोबा गोऱ्यांच्या बोटीवर खलाशी होते. दुसऱ्या लढाईत बोट बुडाली. घरी फक्त तार आली. दादी सांगायच्या, गोऱ्या खलाशाच्या पगारापुढे आपल्या माणसाचा पगार म्हणजे चणे-फुटाणे. आणि सत्तेचाळीस तर तुम्हीच शिकवलंत. अशा भागावर प्रश्न आला, तर पुस्तकात आहे त्याच्यावर टिक करावी लागेल. ती झूठी गवाही होईल का?”

कोकणातल्या मुसलमान वाचकाला या पणजोबांची ओळख करून द्यायला नको. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे विलायती कंपन्यांच्या बोटींवर गेली. मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धात बुडालेल्या हिंदी खलाशांचे स्मारक आहे. त्यावरची नावे वाचत गेलो तर आपल्याच गावाची हजेरी घेतल्यासारखे वाटते. राहिले सत्तेचाळीस. कोटभराहून अधिक माणसे घरदार सोडून उठली. मेलेल्यांचे आकडे दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत सांगितले जातात. ज्या कारभाराच्या शेवटी मेलेल्यांच्या मोजणीत इतका फरक पडतो, त्याला सुरळीत म्हणायला धीटपणा लागतो. हे आम्हीच म्हणतो असे नाही. 2020 साली ब्रिटनमधल्याच शेकडो इतिहासकारांनी जाहीर पत्र लिहिले, की गुलामगिरी आणि साम्राज्य यांबद्दल हे पुस्तक दिशाभूल करते, ते दुरुस्त होईपर्यंत इतिहासाचा भाग परीक्षेतून काढा. तो भाग परीक्षेत राहिला.

आम्ही तिला ताबडतोब उत्तर दिले. इम्तिहान म्हणजे गवाही नव्हे. कोर्टात उभे राहून ‘मी पाहिले’ म्हणणे वेगळे आणि ‘या पुस्तकात काय लिहिले आहे’ याला उत्तर देणे वेगळे. प्रश्न विचारणाऱ्यालाही ठाऊक असते की तू पुस्तकातले सांगते आहेस. खोट्या साक्षीचा गुन्हा तिथे लागू होत नाही. बिनघोर टिक कर. तिने सुटकेचा श्वास टाकला, दुआ मागितली, फोन ठेवला.

सुटका तिची झाली. आम्ही मात्र अडकलो.

कारण उत्तर बरोबर असेल, पण ते आम्ही इतक्या चटकन कसे दिले? गेली चौदा वर्षे आम्ही वर्गात हेच शिकवत आलो आहोत म्हणून. ‘पुस्तकात आहे तेच लिहा.’ ‘पेपरपुरतं लक्षात ठेवा.’ इम्तिहान निराळा आणि सचोटी निराळी, ही सोय आम्ही मुलांना इतकी अंगवळणी पाडली, की विलायतेत एका देशाच्या दारात उभी असतानाही ती मुलगी त्या सोयीसाठी आम्हालाच फोन करते. आणि ज्या देशाचा इतिहास आपण केवळ पेपरपुरता म्हणून आत घेतो, तो देश आपल्या आत किती येतो? शिवाय विचारणाऱ्याला तरी काय मिळते? त्याला हवी होती आपुलकी. हातात पडल्या 24 टिका.

तरी परीक्षा घेणाऱ्याची बाजू आम्ही टाकून देणार नाही. नव्या घरात आलेल्या सुनेला त्या घराची रीत कोणीतरी सांगावीच लागते, आणि सासूने ती नीट सांगितली तर तो जुलूम नव्हे. आमच्या विद्यार्थिनीने स्वतः सांगितले, की लग्नानंतर चार वर्षे ती एकटी कुठे गेली नव्हती; या पुस्तकासाठी ती पहिल्यांदा एकटी वाचनालयात गेली. तिथल्या बायकांना मताचा हक्क पुरुषांच्या बरोबरीने मिळाला तो 1928 साली, म्हणजे त्यासाठी तिथेही भांडावे लागले, हे तिला त्यात कळले. मुलीचे लग्न बळजबरीने लावणे गुन्हा आहे, बायकोवर हात उचलणे गुन्हा आहे, हे त्याच पुस्तकात आहे. आमच्या समाजातून तिकडे गेलेल्या एखाद्या मुलीच्या हातात ही दोन पाने पडली, तर त्यासाठी 50 पौंड जास्त नाहीत असेच आम्ही म्हणू.

पण मग पुस्तक बदलत कसे गेले तेही पाहिले पाहिजे. ही कल्पना पुढे नेणाऱ्या समितीचे प्रमुख राज्यशास्त्राचे जाणकार बर्नार्ड क्रिक होते. 2004 च्या पहिल्या पुस्तकात इतिहासाचे प्रकरण होते, पण परीक्षेत त्यावर प्रश्न नव्हते. प्रश्न होते ते रोजच्या जगण्याचे. तिसऱ्या आवृत्तीत उलटे झाले. रोजच्या जगण्याची माहिती कमी झाली आणि राजे, लढाया, सनावळ्या परीक्षेत आल्या. अमेरिकेतून तिथे जाऊन, हीच परीक्षा देऊन ब्रिटिश झालेले प्राध्यापक थॉम ब्रुक्स यांनी 2013 साली तिच्यावर टीका करताना तिला पबातल्या प्रश्नमंजूषेची उपमा दिली. 2022 साली लॉर्ड्स सभागृहाच्या समितीनेही या पुस्तकावर कठोर ताशेरे ओढले. दवाखान्यात नाव कसे नोंदवायचे हे विचारणारा यजमान पाहुण्याच्या गरजेचा विचार करत असतो. हेन्रीची चौथी बायको कोण हे विचारणारा कसला विचार करतो?

परीक्षा माणसाला आत घेण्यासाठीही असते आणि बाहेर ठेवण्यासाठीही. कागद तोच, हेतू निराळा. ऑस्ट्रेलियाने 1901 साली एक कायदा केला. उतरणाऱ्या माणसाला अधिकारी युरोपातल्या कोणत्याही भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालू शकत असे. आशियातला माणूस इंग्रजी जाणणारा निघाला, तर त्याला त्याला न येणाऱ्या दुसऱ्या भाषेत घालायचे. 1934 साली एगॉन किश हा प्राग शहरचा पत्रकार तिथे गेला. सरकारला तो नको होता. त्याला अनेक भाषा येत होत्या. मग त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत श्रुतलेखन घातले! प्रकरण वरच्या कोर्टात गेले आणि कोर्टाने ते रद्द केले. ही श्रुतलेखनाची तऱ्हा 1958 साली बंद झाली. श्रुतलेखन आम्हीही दर शुक्रवारी घेतो. मुलाला काय येत नाही ते शोधून तेवढेच विचारायचे, हा विचार एखाद्या चिडलेल्या दिवशी आमच्याही मनात येऊन गेला आहे. त्याला शिकवणे म्हणत नाहीत.

ब्रिटनमधल्या परीक्षेचा हेतू असा होता असे आम्ही म्हणत नाही. पण तिचा उगम लक्षात घेण्यासारखा आहे. 2001 च्या उन्हाळ्यात ओल्डहॅम, बर्नली आणि ब्रॅडफर्ड या गावांत दंगली झाल्या. गोऱ्या आणि आशियाई वस्त्या एकमेकांशेजारी असून एकमेकांना अनोळखी आहेत, असे निदान झाले. मग सामायिक मूल्ये, भाषा, नागरिकत्व यांची चर्चा जोरात सुरू झाली. आता गंमत अशी, की त्या दंगलींतली आशियाई पोरे बहुतेक तिथेच जन्मलेली, तिथल्याच शाळांत शिकलेली. गोरी पोरे तर होतीच. त्यांच्यापैकी कोणालाही ही परीक्षा द्यावी लागणार नव्हती. ती आली कोणाच्या वाट्याला? श्रीवर्धनकडच्या घराण्यात दिलेल्या आमच्या विद्यार्थिनीच्या. तिने आपल्या नवऱ्याला फ्रिजवरचे दहा प्रश्न विचारले, त्याला चार आले. तो चहा पीत म्हणाला, “मला कशाला यायला हवेत?” खरेच आहे. जन्माने मिळालेल्या गोष्टीची पावती कोणी मागत नाही.

अर्थात, मागतात. जन्माने मिळालेल्या गोष्टीचीही पावती मागतात, हे आम्हा हिंदी मुसलमानांना कोणी शिकवायला नको. 1990 साली नॉर्मन टेबिट या ब्रिटिश पुढाऱ्याने म्हटले होते, की इथे आलेले आशियाई लोक क्रिकेटमध्ये कोणत्या संघाच्या बाजूने ओरडतात ते पाहा. तिकडे त्यावर वादळ उठले. आमच्याकडे ही परीक्षा चहाच्या टपरीवर, रेल्वेच्या डब्यात, कधी कधी शिक्षकांच्या खोलीतही तोंडी घेतली जाते. हसत हसतच घेतली जाते, आणि आम्हीही हसत हसत पास होतो. 24 पैकी 18 ची सवलत मात्र तिथे नसते. एक उत्तर चुकले की सगळा पेपर गेला.

आपल्या कायद्याकडे पाहिले तर तो या बाबतीत जास्त समंजस वाटतो. नागरिकत्व कायदा 1955 चा आहे. परदेशी माणूस रीतसर नागरिकत्व मागतो तेव्हा काय काय पाहायचे, ते त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. राहिल्याची वर्षे, चांगले चारित्र्य आणि आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचे पुरेसे ज्ञान. त्या यादीत मराठी आहे, उर्दूही आहे. पानिपत कितव्यांदा आणि कोणात झाले, हे विचारलेले नाही. शपथ घ्यायची ती संविधानाशी निष्ठेची. कोणाच्या तरी मनात आले असणार, की बाजारात भाव करता आला, शेजाऱ्याशी बोलता आले, तर बाकीचे माणूस हळूहळू शिकेल. पण त्याच देशात 31 ऑगस्ट 2019 ला आसामची नागरिक नोंदवही लागली तेव्हा 19 लाखांहून अधिक माणसे यादीबाहेर राहिली. हिंदूही होते, मुसलमानही. त्यांना इतिहासातला प्रश्न कोणी विचारला नव्हता. 24 मार्च 1971 पर्यंतचा कागद विचारला होता. पूर दरसाल येतो तिथे कागद जपणे ही कसली परीक्षा, हे आम्ही अजून कोणत्याही रकान्यात बसवू शकलेलो नाही.

या सगळ्या विचारात ते वाक्य कुठे ऐकले होते ते आठवले. ‘ते विचारणार नाहीत.’ ते आमचेच होते.

ती आठवीत असताना घटक चाचणीत महाडच्या सत्याग्रहावर प्रश्न होता. आमची शाळा महाडपासून तासाभराच्या अंतरावर. 20 मार्च 1927, चवदार तळे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, हे सगळे तिने लिहिले होते. पुढे डिसेंबरातल्या परिषदेचेही लिहिले होते, आणि त्यात आणखी एक वाक्य: परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली, आणि 25 डिसेंबर 1927 ला मनुस्मृती जाळली गेली ती त्या जमिनीवर. हे तिला घरी कोणी सांगितले असावे. आम्ही त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिले: अनावश्यक. गुण कापला नाही, पण दिलाही नाही. नमुना उत्तरात ते नव्हते. उत्तरपत्रिका वाटल्यावर ती विचारायला आली, “सर, हे चूक आहे?” आम्ही म्हणालो, “चूक नाही. पण ते विचारणार नाहीत.”

एका गावात, एका तळ्यापायी माणसाने माणसावर हात उचलला, त्याच गावात कोणीतरी आपली जमीन पुढे केली. चौदा वर्षांच्या मुलीला या देशाशी आपले नाते जोडणारे हे वाक्य सापडले होते, आणि ते तिने कोणी न विचारता लिहिले होते. त्याला गवाही म्हणतात. आम्ही ती खोडली. मग आता तिने इम्तिहान आणि गवाही यांतला फरक आम्हालाच विचारावा, यात नवल काय?

ती परीक्षा पास झाली. परवाना आला. तोच निकाल पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही चालतो, पण तो अर्ज करून ती ब्रिटिश झाली, तर भारताचे नागरिकत्व आपोआप जाते. आपल्याकडे दोन देशांचे नागरिकत्व एकाच वेळी ठेवता येत नाही. पासपोर्ट परत करावा लागतो. ईदच्या दिवशी मुबारकबाद द्यायला तिने फोन केला तेव्हा तिने हा विषय काढला. नवरा म्हणतो कर, सासू म्हणतात कर, मुलाच्या दृष्टीने सोयीचे. ती म्हणाली, “सर, त्या अर्जात प्रश्नच नाहीत हो पाठ करायला. नुसतं सही करायचं आहे.” बराच वेळ दोन्हीकडे कोणी बोलले नाही. ही गवाही होती, आणि तिथे आमच्याजवळ चटकन द्यायला उत्तर नव्हते. आम्ही ते दिलेही नाही. फत्तेखानाच्या वाक्याबद्दल मात्र माफी मागितली. तिला ते आठवतही नव्हते. “मी लिहिलं होतं असं?” ती म्हणाली. “मग बरोबर होतं का ते?”

या वर्षी आठवीला महाडचा धडा आला तेव्हा तळ्याचे झाल्यावर आम्ही फळ्यावर ते नाव लिहिले आणि जमिनीची हकिगत सांगितली. मागच्या बाकावरून हात वर झाला.

“सर, हे परीक्षेत येईल का?”

“नाही,” आम्ही म्हणालो.

बहुतेकांनी पेन खाली ठेवले. खिडकीजवळची एक मुलगी लिहीत राहिली. स्पेलिंगसाठी तिने एकदा फळ्याकडे पाहिले, आणि तास संपल्याची घंटा झाली.